डाग नको

रविवार, १२ जानेवारी

कंपनीनं यंदाही डायरी दिली आहे. प्रत्येक पानाच्या तळाशी सुरक्षेचं एक वचन छापलंय. आजचं आहे, ‘सावध राहा, सुखरूप घरी जा.’ दोन वर्षांपूर्वी मी सावधच होते. चष्मा, हातमोजे, सगळं घालून रिअ‍ॅक्टरच्या नळातून सॅम्पल घेत होते आणि गरम द्रावण उडालं. चष्म्यानं डोळे वाचवले. डावा गाल, जबडा आणि मान यांच्यासाठी कुणी चष्मा बनवलेला नाही. तळोज्याच्या त्याच लॅबमध्ये मी अजून काम करते, आणि ताठ मानेनं करते.

डायरी लिहायचा माझा पिंड नाही. पण आज घरात बोलावं असं कुणी नाही, आणि राग पोटात ठेवला की मला पित्त होतं.

आई-बाबा आज ओवे गावात सुशांतच्या घरी जाऊन आले. लग्नाचं बोलायला. मला रविवारची शिफ्ट होती, आणि तसंही आईच्या मते पहिल्या बोलण्याला मुलीनं जायचं नसतं. सुशांतनं घरी माझ्याबद्दल सगळं सांगितलेलं आहे, भाजल्याचंसुद्धा. त्याच्या आईनं, सोनाबाईंनी, नुसतं ‘बरं’ म्हटलं होतं म्हणे. त्या ‘बरं’वर मी महिनाभर खूश होते. मूर्ख.

आई आली ती चपला न काढताच सोफ्यावर बसली. जेवण छान होतं म्हणाली. कोळंबीचं कालवण, तांदळाची भाकरी. घर मोठं, माणसं साधी. मग जरा वेळानं म्हणाली, “त्यांची एकच अट आहे.”

“काय?”

“डाग नको.”

मी बाबांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, “मी तेव्हा हात धुवायला गेलो होतो.” मग आईला म्हणाले, “वसू, नेमके शब्द काय होते त्यांचे?”

“हेच. आम्हाला डाग नको, बाकी काही म्हणणं नाही. दोनदा म्हणाल्या. चांगल्या ठणकावून.”

“तू काय म्हणालीस?” मी विचारलं.

“मी म्हटलं, बघू, करू काहीतरी.”

बघू, करू काहीतरी! जसं काही साडीवर वरण सांडलंय आणि ती लॉन्ड्रीत टाकायची आहे. मी आईला सांगितलं, डाग जाणार नाही. मी काढणार नाही. त्यांना बिनडागाची सून हवी असेल तर पनवेलमध्ये पोरींचा दुष्काळ पडलेला नाही.

आई म्हणाली, “डॉक्टरला दाखवायला काय हरकत आहे?”

हरकत आहे. कालपर्यंत कदाचित नसती. आज आहे.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ घ्या, गोड बोला. बघू या.

सुशांत द्रोणागिरीला कंटेनर यार्डात कागदपत्रांचं काम बघतो. आमची ओळख भांडणातून झाली. आमच्या मालाच्या टेस्ट सर्टिफिकेटवर मी तारीख चुकीची टाकली होती, आणि तो यार्डातून तणतणत लॅबमध्ये आला होता. नवीन माणूस माझ्याशी बोलताना आधी गालाकडे बघतो, मग ‘मी बघितलंच नाही’ असा चेहरा करतो. यानं पहिलं बोट त्या तारखेवर ठेवलं आणि पंधरा मिनिटं दुसरीकडे बघितलंच नाही. तेवढ्यावर मी फसले.

आज संध्याकाळी वडाळे तलावावर भेटलो. मी वेळ घालवला नाही. म्हटलं, “तुझ्या आईची अट कळली मला.”

तो हसला. हसला! “सांगितली का? तिचं ते पक्कं आहे. ब्रह्मदेव आला तरी ऐकायची नाही.”

“आणि तुझं काय?”

“माझंही तेच. काय करायचंय अंगावर मिरवून? लोक नुसते बघत बसतात.”

“तुला पहिल्यापासून असंच वाटत होतं?”

“पहिल्यापासून. बोललो नाही, म्हटलं तुझ्या घरच्यांना वाईट वाटेल. त्यांची काही इच्छा असेल.” मग माझ्या तोंडाकडे बघून तो जरा गडबडला. “का, तुला हौस आहे का?”

“हौस?”

“असली तर सांग मोकळेपणानं. थोडं चालेल. एखादं बारीक, नाजूक. आईला मी समजावतो.”

थोडं चालेल! बारीक, नाजूक! वाण्याच्या दुकानात हळद मागावी तसा माणूस माझ्या भाजलेल्या कातडीबद्दल बोलत होता. त्याच्या हातावर ठेवायला तिळगुळाची डबी उघडली होती, ती मी बंद केली आणि सरळ रिक्षा पकडली. मागून हाका मारत होता. मी वळून बघितलं नाही. तसंही मला वळून बघायचं तर अख्खं अंग वळवावं लागतं, आणि एवढे कष्ट मी त्याच्यासाठी घेणार नाही.

शनिवार, १८ जानेवारी

सुशांतचे मेसेज येतात. मी उत्तर देत नाही. कालचा असा: ‘राग कशाचा ते तरी सांग. हवंच असेल तर पनवेलमध्ये ओळखीचे एक आहेत, पिढ्यान्‌पिढ्या तेच काम. दोघं जाऊन बघून येऊ.’ म्हणजे डॉक्टरही त्यानं शोधून ठेवलाय. कसली तयारी!

आईनं आज रडून-रडून खारघरच्या एका ‘स्किन सेंटर’ला नेलं. मी गेले ते फक्त नाही म्हणायला. घरात नाही म्हणून काही होत नाही, तिथं जाऊन म्हणावं.

आत अत्तराचा वास, आणि ब्लेझर घातलेली एक मुलगी. ती डॉक्टर नव्हती, ‘कौन्सेलर’ होती. तिनं मला मोठं करून दाखवणारा आरसा दिला. दोन वर्षं मी ज्या गालाला ओळखते तो त्या आरशात एखाद्या डोंगराळ तालुक्याच्या नकाशासारखा दिसत होता. मग तिनं फोटो दाखवले, आधीचे आणि नंतरचे. आधीच्या फोटोतल्या सगळ्या बायका दुःखी आणि विनालिपस्टिक. नंतरच्या सगळ्या हसऱ्या, लिपस्टिक लावलेल्या. मी विचारलं, “यातलं लेसरनं किती गेलं आणि लिपस्टिकनं किती?”

आईनं मला चिमटा काढला.

“मॅम, आमचं ब्राइडल पॅकेज आहे,” ती मुलगी म्हणाली. “लेसर, सुया, पील, सगळं एकत्र. लग्नाच्या आधी हंड्रेड पर्सेंट रिझल्ट.”

मी केमिस्ट आहे. आमच्या लॅबमध्ये शुद्ध पाण्यावरसुद्धा शंभर टक्के लिहायची माझी हिंमत होत नाही. तिला मी विचारलं, कातडी दोन वर्षं जुनी भाजलेली आहे, उंच आहे, घट्ट आहे, हे हात न लावता तुम्हाला कसं कळलं? ती म्हणाली, डॉक्टर मंगळवारी येतात.

येताना रस्ता ओलांडताना आई नेहमीप्रमाणे माझ्या उजव्या बाजूला. दोन वर्षं मी बघतेय, ती कायम माझ्या चांगल्या बाजूनं चालते. म्हणजे तिला डाग बघावा लागत नाही. मीही काही बोलत नाही. बोलण्यासारखं काय आहे त्यात?

बुधवार, २२ जानेवारी

नाक्यावर स्कूटी घेऊन वळताना उजवीकडून टेम्पो आला. लागलं नाही, आरसा मोडला. टेम्पोवाला ओरडत होता, “बघून तरी वळा ना!” त्याचीच चूक होती. भरधाव कोण चालवतं नाक्यावर?

डाग खाजतोय. थंडी गेली की थांबेल. मागच्या वर्षीही असंच म्हटलं होतं, मग उन्हाळ्यात जास्त खाजला.

शनिवार, २५ जानेवारी

टपाल नाक्याजवळ डॉ. नाझिया तुंगेकर आहेत. प्लास्टिक सर्जन. बाबांच्या ओळखीच्या कुणाचा हात त्यांनी नीट केला होता. बाबा सहसा काही मागत नाहीत, आज म्हणाले, “एकदाच ये. मग मी कधी बोलणार नाही.” गेले.

डॉक्टरबाईंच्या खोलीत एकही फोटो नव्हता. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “तकलीफ काय आहे?”

मी म्हटलं, “मला काही नाही. होणाऱ्या सासूला आहे.”

त्या मोठ्यानं हसल्या. म्हणाल्या, “सासूचं औषध माझ्याकडे असतं तर मी ही खुर्ची सोडून दुबईत बंगला बांधला असता. बसा.”

मग त्यांनी हात धुतले आणि बोटांनी सगळा डाग चाचपला, गालापासून गळ्याच्या हाडापर्यंत. दोन वर्षांत असा नीट हात कुणी लावला नव्हता. मी तयारीत होते. त्यांनी ‘काढू या’ म्हटलं की उठायचं. त्या म्हणाल्या, “हा जाणार नाही हं. आधीच सांगते. खोडरबर अजून निघालेलं नाही, कुणी काहीही सांगू दे.”

मी उठता-उठता बसले.

मग बराच वेळ त्यांनी समजावून सांगितलं. सिलिकॉनची पट्टी असते, ती महिनोन्‌महिने रोज तासन्‌तास लावून ठेवायची. डाग थोडा मऊ, थोडा चपटा होतो. त्याहून जाड असेल तर डागातच स्टेरॉइडचं इंजेक्शन, दर महिन्या-दीड महिन्यानं. उंची उतरते, खाज थांबते, पण टोचताना दुखतं आणि कातडी कधीकधी पातळ पडते. लेसरनं लाली आणि कडकपणा कमी होतो, पण एका फेरीत नाही, आणि आपल्या सावळ्या कातडीवर जपून करावं लागतं, नाहीतर नवीन काळे डाग. उन्हात फिरताना क्रीम. आणि नुसतं झाकायचं असेल तर चांगला मेकअप, त्यातही लाज नाही. “यातलं काहीच नाही केलं तरी चालतं,” त्या म्हणाल्या. “दिसण्याचा मामला तुमचा आहे. त्यात मी पडत नाही.”

मी मांडीवरची पर्स खाली ठेवली.

“आता हनुवटी उजव्या खांद्याकडे न्या.”

नेली. अर्ध्यात थांबली. खालचा ओठ डावीकडे ओढला गेला, तो मी हातानं झाकला.

“मी पहिल्यापासून ताठ मानेची आहे,” मी म्हटलं.

“ताठ नाही बेटा, आखडलीय. इथं कातडीचा पट्टा झालाय, दोरीसारखा. तो मान ओढून धरतो. हा मामला मात्र दिसण्याचा नाही. हा कापून सोडवावा लागतो. कातडी तिरकी फिरवून शिवायची, कमी पडली तर मांडीची थोडी लावायची. लवकर केलंत तर बरं.”

मी म्हटलं, विचार करून सांगते. आमच्या घरात याचा अर्थ ‘नाही’ असा होतो. बाईंना तो बरोबर कळला. दारापर्यंत सोडायला आल्या आणि म्हणाल्या, “एक विचारू? तुम्हाला नको काय आहे, ऑपरेशन की सासू?”

उत्तर रिक्षात सुचलं. दोन्ही. आता मान सोडवायला गेले तरी ओव्यात काय म्हणतील? बघा, ऐकलं पोरीनं. अट घातली आणि लागली कामाला. ते सुख मी त्यांना देणार नाही. मान आखडली तर आखडली. झुकणार नाही हे नक्की.

बुधवार, २९ जानेवारी

आईनं डाग झाकायचं महागडं क्रीम आणलं. “निदान साखरपुड्यापुरतं,” म्हणाली. कसला साखरपुडा? मी सुशांतशी बोलत नाही हे तिला माहीत नाही. लावून पाहिलं. मैद्याच्या पोळीसारखा गाल झाला. खाज अशी उठली की पाचच मिनिटांत धुऊन टाकलं.

मग जे व्हायचं ते झालं. मी म्हटलं, “तुला माझी लाज वाटते. सरळ सांग ना.”

“मला?” आई भांडी घासत होती, तशीच थांबली.

“शेजारच्या काकू म्हणतात चंद्रावरही डाग असतो. चंद्राचं बरं आहे, त्याला दाखवायला नेत नाहीत. आणि तू? रस्त्यात दोन वर्षं माझी चांगली बाजू धरून चालतेस. कळतं मला.”

“उजवीकडून मी का चालते ते कळलंय तुला?”

“कळलंय. बघायला नको म्हणून.”

आईनं नळ बंद केला. हात पुसले. आणि आत निघून गेली. भांडी बाबांनी घासली.

मी ठरवलंय. रविवारी ओव्याला जायचं. एकटीनं. केस वर बांधून, ओढणीशिवाय. सोनाबाईंनी डाग नुसता ऐकलाय, पाहिलेला नाही. दाखवून येते. ज्याला नको त्याला तोंडावर सांगायचं, मीही तुम्हाला नको म्हणतेय.

रविवार, २ फेब्रुवारी

आजच लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

स्कूटीचा आरसा अजून बसवलेला नाही, म्हणून रिक्षानं गेले. ओवे म्हणजे गाव कसलं, चार मजली घरं आणि खाली गाड्या. मध्येच एका अंगणात सुकत घातलेले बोंबील. सोनाबाई पायरीवर बसून वाल सोलत होत्या. सुशांतनं फोटो दाखवला होता, त्यामुळे ओळखल्या. त्यांनीही ओळखलं.

“ये गो, ये. उनाची आलीस. पंख्याखाली बस.”

मी बसले नाही. वाटेत पाठ केलेलं सगळं एका दमात म्हटलं, “मावशी, तुमची अट मला मान्य नाही. मी डाग काढणार नाही. लग्न झालं तर डागासकट, नाहीतर नाही झालं तरी चालेल. हे सांगायला आले.”

सोनाबाईंनी माझ्या कानांकडे पाहिलं. मग गळ्याकडे, मग हातांकडे. “नको काडू ना मंग,” त्या म्हणाल्या. “कानान बारकी फुला हायत ती घाल की. ती काडाला कोन बोलतंय? आमचेसाठी येगला कंय करू नका, येवराच बोलले मी तुजे आयेला.”

“फुलं?”

“मंग? दुसरा कंचा डाग हाय तुजे आंगावं?”

मी मान पुढे केली आणि बोट ठेवलं. त्या उठल्या, वालाचा हात लुगड्याला पुसला आणि अगदी जवळ येऊन बघितलं. टक लावून, कसलाही आडपडदा न ठेवता.

“ह्यो?” त्या म्हणाल्या. “आगो, ह्यो डाग नाय. ह्यो वन हाय. भाजल्याचा वन. डाग म्हंजे सोना गो! हार, पाटल्या, तोडं. आमी त्याला डाग बोलतो.”

मी बसले. पंख्याखाली नाही, तिथंच पायरीवर, सालांमध्ये.

आतून एक बाई चहा घेऊन आली, सुशांतची थोरली बहीण, मालू. सोनाबाई तिच्याकडे हनुवटी उडवून म्हणाल्या, “ही माजी मालू. हिला आंगभर डाग घालून धाडली व्हती. सगला गाव बगाला आल्ता. डाग रायले तिकरं, पोर आली मागारी. तवाच मी बोलले, आता सून आनीन ती डागांबिगर. ना घेवाचं, ना घालाचं. जो घालील त्याचे घरान मी जेवाची नाय.” मालूताई हसली आणि माझ्या हातात कप दिला.

म्हणजे त्या दिवशी त्या ठणकावत होत्या ते हे. ध चा मा कुणीही केला नव्हता, शब्द जसाच्या तसा पोचला होता, आणि तरी माझं डोकं फिरलं होतं.

“मंग तुमी काय समाजल्या?” त्यांनी विचारलं. मी सांगितलं. वाटलं, हसतील. त्या हसल्या नाहीत. कपाळावर हात मारला आणि म्हणाल्या, “आनि तुजी आय तीन आठवडं ह्या घेऊन बसली? मना फोन करावा की नाय!” मग माझ्या मानेकडे परत बघून म्हणाल्या, “दुकतंय का?”

मी नाही म्हटलं. सवयीनं.

“खरा सांग.”

आणि मला रडू फुटलं. दोन वर्षांत लोकांनी विचारलं, केव्हा जाईल, किती राहील, मुलाकडच्यांना चालेल का. हे कुणी विचारलं नव्हतं. डॉक्टरबाईंनी विचारलं होतं, त्यांना मी विनोद ऐकवला होता. मी म्हटलं, “खाजतो. ओढतो. उजवीकडे मान वळत नाही.”

“मंग डाक्टरकरं नाय गेलीस?”

“गेले. त्या म्हणाल्या ऑपरेशन करू. मी नाही म्हटलं.”

“का गो?”

“तुम्ही सांगितल्यासारखं झालं असतं म्हणून.”

सोनाबाईंनी मालूताईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “म्हंजे माजेवर रुसून तू सोताची मान आकरून बसलीस?” आणि आता मात्र त्या हसल्या, वाल सांडेपर्यंत. मी रडत-रडत हसले. काय करणार? खरंच होतं.

घरी येऊन आईला सांगितलं. ती म्हणाली, “माझी आजी म्हणायची तसं. डाग मोडले, डाग गहाण टाकले. मला माहीत होता गं हा शब्द. लहानपणापासून माहीत होता.” मग म्हणाली, “पण दोन वर्षं मला त्या शब्दाचा एकच अर्थ ऐकू येतो.”

मी तिच्याजवळ बसले. म्हटलं, “उजवीकडून का चालतेस?”

“गाड्या तिकडून येतात,” आई म्हणाली. “तुला दिसत नाहीत.”

सोमवार, ३ फेब्रुवारी

सुशांतला भेटले. पुन्हा तलावावरच, डबी घेऊन गेले होते. संक्रांत रथसप्तमीपर्यंत चालते, आणि ती उद्या आहे.

त्याला सोनाबाईंनी सगळं सांगितलं होतं. मला वाटलं, तो हसेल. तो म्हणाला, “मला वाटलं तुला सोन्याची हौस आहे आणि सांगायला लाजतेस. मी सराफाकडे जाऊन एक चेन बघूनही आलो.” मग म्हणाला, “इतक्या दिवसांत तुला एकदाही वाटलं नाही किशोरी, की हा असं बोलणार नाही?”

लागलं मला ते. पण मी खोटं बोलले नाही. म्हटलं, “नाही वाटलं. दोन वर्षं येणारा प्रत्येक जण असंच बोललाय, गोड शब्दांत. तू वेगळा आहेस हे मी तारखेवर ठेवलेल्या एका बोटावरून धरून चालले होते. तेवढं पुरलं नाही.”

त्यानं हात पुढे केला. मी तिळगूळ ठेवला. तो म्हणाला, “गोड बोल एवढं नाही म्हणत. पण बोलत जा.”

चालेल.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

डॉ. नाझियांकडे एकटी गेले. त्यांनी विचारलं, “सासू काय म्हणते?” म्हटलं, “सासूला काहीच नको आहे. म्हणून आले.” त्यांना काय समजलं कोण जाणे, पण त्यांनी तारीख दिली.

आणखी एक विचारलं त्यांनी. मान झाली की पुढे गालावरही काम करता येईल, इंजेक्शन, लेसर, जे योग्य असेल ते. बघायचं का? मी म्हटलं, “नको. मान मला हवी आहे, उजवीकडे बघायला. गाल लोकांना हवाय. लोकांनी आपापला बघावा.”

“उद्या तुम्हालाच हवा झाला तर?”

“तर येईन. तेव्हा कुणी सांगितलेलं नसेल.”

खाजेसाठी त्यांनी पट्टी दिली आहे. ती मात्र लावतेय. खाज माझी आहे.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

काल झालं. मानेला पट्टा आहे, खाली बघता येत नाही, म्हणून डायरी उंच धरून लिहितेय, अक्षर माफ. कातडी पुरली, मांडीची घ्यावी लागली नाही. दुखतंय. पुढे कित्येक महिने व्यायाम आहेत, नाही केले तर कातडी परत ओढेल असं बाईंनी डोळे वटारून सांगितलंय. या पानाचं वचन आहे, ‘घाई संकटात नेई.’ हो बाबा, कळलं.

कालचं एकच लिहायचं राहिलंय.

सकाळी हिरवा गाऊन घालून मी स्ट्रेचरवर होते. आई उजव्या बाजूला उभी होती, बाबा पायाशी. सोनाबाई पहाटेच आल्या होत्या, डब्यात काहीतरी घेऊन, ऑपरेशनच्या आधी उपाशी राहायचं असतं हे त्यांना कुणी पटवू शकलं नव्हतं. तेवढ्यात आतून ऑपरेशन थिएटरच्या मावशी आल्या, आशालता, उरणकडच्या. त्यांनी मला वरून खाली बघितलं आणि ठसक्यात म्हणाल्या, “ताई, आंगावरचं डाग काडून घरच्यांकरं द्या. डागांसकट आत घेत नाय.”

आई दचकली. खरंच दचकली, आणि रागानं पुढे झाली. मग तिची नजर सोनाबाईंकडे गेली. सोनाबाईंनी पदर तोंडाला लावला होता.

मी कानातली फुलं काढली. आईच्या तळहातावर ठेवली आणि तिची मूठ मिटली.

“निंगालं का सगलं?” आशालता मावशींनी माझ्या गालाकडे बघत विचारलं.

“सगळे निघाले,” मी म्हटलं. “चला.”